‘देवराई’तील शेष आणि गोळीचा प्रश्न : आनुवंशिकता, ग्राही व औषध-प्रतिसाद यांच्या संदर्भात एक पुनर्विचार

प्रास्ताविक

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘देवराई’ हा चित्रपट २००४ साली आला. स्किझोफ्रेनिया या आजाराचे मराठी चित्रपटातील सर्वांत गंभीर आणि जबाबदार चित्रण म्हणून त्याचा उल्लेख होतो व तो रास्तच आहे. या चित्रपटावर आजवर जे लिहिले गेले त्यात अतुल कुलकर्णी यांचा अभिनय, निसर्गप्रतिमा आणि सामाजिक प्रबोधन हे तीन मुद्दे प्रामुख्याने येतात. या चित्रपटातील ‘औषध’ या घटकाचा विचार मात्र स्वतंत्रपणे झालेला दिसत नाही. प्रस्तुत लेखात तो करण्याचा प्रयत्न आहे.

या विषयाकडे वळण्याचे कारण वर्गातले आहे. पिंपरी-चिंचवड परिसरातील एका महाविद्यालयात ‘साहित्य आणि चित्रपट’ या घटकासाठी प्रस्तुत लेखिकेने हा चित्रपट विद्यार्थ्यांना दाखविला. चर्चा संपल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला. त्याचा थोरला भाऊ चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता. त्याला हाच आजार झाला. औषध सुरू केल्यावर हात कापू लागले, अंग आखडले, झोप आवरेना, रात्रपाळी जमेना. त्याने गोळ्या सोडल्या आणि मग कामही सुटले. हे सांगून त्या विद्यार्थ्याने विचारले, “मॅडम, शेषला गोळी लागू पडली, माझ्या भावाला का नाही?” आणि थोडे थांबून, “आणि हे मलाही होईल का?”

हे दोन्ही प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचे वाटण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखिकेला तसे वाटत नाही. एखादी कलाकृती प्रेक्षकाला जे प्रश्न विचारण्याचे धैर्य देते, त्यांची उत्तरे ती कोठवर देते आणि कोठे थांबते, हे पाहणे समीक्षेचेच काम आहे.

निर्मितीची पार्श्वभूमी आणि आशय

सुमित्रा भावे या मूळच्या समाजशास्त्राच्या क्षेत्रातील. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी अध्यापन केले आणि ‘बाई’ (१९८५) या लघुपटापासून त्या चित्रपटाकडे वळल्या. ‘देवराई’मागे डॉ. जगन्नाथ वाणी यांचा पुढाकार होता. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात अध्यापन केलेले वाणी यांनी घरातील अनुभवातून या आजाराविषयीच्या जनजागृतीला वाहून घेतले. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था त्यातूनच उभी राहिली. चित्रपटात डॉक्टरची भूमिका करणारे मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापक. अशा रीतीने संशोधन, वैद्यक आणि कुटुंब या तिन्ही बाजूंचा अनुभव चित्रपटाच्या पायाशी आहे.

कोकणात वाढलेला, बुद्धिमान व अतिसंवेदनशील शेष गावाजवळच्या देवराईत मनाने गुंतलेला आहे. त्याचे मन आणि ती राई यांच्या सीमा हळूहळू पुसट होत जातात. बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला शहरातील आपल्या घरी आणते. भावाच्या आजाराने तिच्या संसारावर येणारा ताण, न कळण्यातून येणारा राग, कळल्यानंतर येणारी माया आणि उपचारांनी शेषचे हळूहळू सावरणे असा चित्रपटाचा प्रवास आहे.

या आशयाचे मोठेपण असे की, येथे रुग्ण हा हास्याचा, भीतीचा किंवा चमत्काराचा विषय होत नाही. मराठी रंगभूमी आणि चित्रपटाने ‘वेडा’ हे पात्र दीर्घकाळ विनोदासाठी किंवा कथानकाला कलाटणी देण्यासाठी वापरले. शेषला मात्र त्याचे स्वतःचे आंतरिक तर्कशास्त्र आहे आणि दिग्दर्शकद्वय ते प्रेक्षकाला आतून अनुभवायला लावतात.

गोळीची प्रतिमा

आजार हा मेंदूतील रासायनिक बिघाडाशी संबंधित आहे, तो कोणाच्या पापाचे फळ नाही आणि औषधाने तो आटोक्यात येतो, ही चित्रपटाची प्रबोधनात्मक भूमिका आहे. २००४ च्या संदर्भात ही भूमिका धाडसाची होती. देवऋषी, अंगारा आणि ‘लग्न करून द्या, सुधारेल’ हा सल्ला यांच्याशी तिचा सामना होता. त्यामुळे गोळी हा अंधश्रद्धेला पर्याय म्हणून येतो आणि पर्याय म्हणून तो निःसंदिग्ध असावा लागतो.

येथेच एक मर्यादा निर्माण होते. आजार ते उपचार हे अंतर चित्रपट विलक्षण सूक्ष्मतेने दाखवितो. उपचार ते सुधारणा या अंतराची खाचखळग्यांची वाट मात्र त्याच्या केंद्रस्थानी नाही. कोणती गोळी, किती दिवसांनी, कोणता त्रास देऊन, कितव्या प्रयत्नात लागू पडली, हा कथेचा विषय होत नाही. परिणामी प्रेक्षकाच्या मनात गोळी ही एकच, सर्वांसाठी सारखी आणि वेळेवर घेतली की काम करणारी वस्तू म्हणून राहते.

औषधाची ही कल्पना आपल्या परिसराला फारच परिचित आहे. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची स्थापना १९५४ साली पिंपरीत झाली आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पिंपरीची औद्योगिक ओळख घडविणाऱ्या पहिल्या मोठ्या उद्योगांपैकी हा एक, ‘एच. ए.’ हे नाव आजही येथे वसाहतीचे आणि थांब्याचे नाव आहे. प्रतिजैविकाचा शत्रू रुग्णाच्या शरीरात शिरलेला बाहेरचा जंतू असतो. म्हणून एका कुपीतील औषध हजारो अनोळखी शरीरांत बहुतांशी एकाच रीतीने काम करील, अशी अपेक्षा धरता येते. मनोविकारावरील औषधाचे तसे नाही. त्याला बाहेरचा शत्रू नाही. ते रुग्णाच्या स्वतःच्या मेंदूतील घटकांवर काम करते आणि ते घटक माणसागणिक थोडे वेगळे असतात. पेनिसिलिनने शिकविलेली औषधाची कल्पना घेऊन आपण शेषकडे पाहतो, ही आपल्या वाचनातील अडचण आहे.

ग्राही, जनुक आणि प्रतिसादाची भिन्नता

मेंदूतील एक पेशी दुसरीला रासायनिक संदेश देते. तो संदेश स्वीकारणारी प्रथिने म्हणजे ग्राही; इंग्रजीतील रिसेप्टर हा शब्द आता आपल्याकडेही रुळला आहे. क्लोरप्रोमाझीन हे औषध १९५२ साली पॅरिसमध्ये मनोविकारावर वापरले गेले, तेव्हा ते कसे काम करते हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९७५-७६ च्या सुमारास ही औषधे डोपामीनच्या ‘डी२’ ग्राहीला अडवितात, हे स्पष्ट झाले. हे ग्राही जनुकांच्या आराखड्यानुसार घडतात आणि जनुकांच्या अक्षरांत माणसामाणसांत फरक असतात. तेव्हा औषधाच्या प्रतिसादातील फरकाचे रहस्य याच अक्षरांत असावे, अशी आशा निर्माण होणे स्वाभाविक होते.

ही आशा ‘देवराई’ निर्माण होत होता त्या काळात ऐन भरात होती. २००० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातील एका अभ्यासाने सहा जनुकीय भिन्नतांच्या संचावरून क्लोझापीन या औषधाच्या प्रतिसादाचा सुमारे ७७ टक्के अचूक अंदाज बांधता येतो, असे मांडले. पुढील अभ्यासांत त्याची पुष्टी झाली नाही. २००२ साली सेरोटोनिनच्या ‘२सी’ ग्राहीच्या जनुकातील एका फरकाचा संबंध या औषधांनी वाढणाऱ्या वजनाशी जोडला गेला. या निष्कर्षाला नंतर काही प्रमाणात आधार मिळाला. २०१० च्या एका एकत्रित विश्लेषणात ‘डी२’ ग्राहीच्या जनुकातील एका भिन्नतेचा प्रतिसादाशी संबंध आढळला, पण परिणाम माफक होता. म्हणजे संबंध आहेत. परंतु एका जनुकावरून एका माणसाचे भवितव्य सांगता येईल, इतके ते बळकट नाहीत.

दुसरी बाजू यकृताची आहे. औषध मेंदूतील ग्राहीपर्यंत किती पोहोचेल, हे ते किती वेगाने विघटित होते यावर अवलंबून असते. ‘सीवायपी२डी६’ हे विकर हॅलोपेरिडॉल आणि रिस्पेरिडोन यांच्या, तर ‘सीवायपी२सी१९’ हे काही नैराश्यविरोधी औषधांच्या विघटनात भाग घेते. ज्याचे विकर मंद, त्याच्या रक्तात तीच मात्रा अधिक साचते. विद्यार्थ्याच्या भावाचे हात कापणे हे अशा कारणाने घडले असेल किंवा नसेलही. डी२ ग्राही अधिक प्रमाणात अडविले गेल्यास जुन्या पिढीतील औषधांनी थरथर आणि ताठरता कोणालाही येऊ शकते. परंतु ‘गोळी सहन न होणे’ हा मनाचा दुबळेपणा किंवा नाटक नसून त्यामागे शरीराचे कारण असते, एवढे तरी निश्चितपणे सांगता येते.

या संदर्भात पुण्यातील एका प्रयत्नाचा उल्लेख आवश्यक आहे. योगिता घोडके, कल्पना जोशी आणि भूषण पटवर्धन यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी व्यक्तींची आयुर्वेदीय प्रकृती आणि त्यांच्या ‘सीवायपी२सी१९’ जनुकातील भिन्नता यांचा संबंध तपासला आणि काही प्रकृतींत वेगवान, तर काहींत मंद विघटनाशी निगडित जनुकप्रकार अधिक आढळल्याचे नोंदविले. नमुना लहान होता. त्यावरून प्रकृती पाहून मनोविकाराचे औषध ठरवावे, असा अर्थ काढणे अनाठायी होईल. तथापि, ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ हे आपल्या भाषेत म्हण म्हणून वावरणारे विधान प्रयोगशाळेत तपासता येईल असा प्रश्न होऊ शकते, हे या अभ्यासाने दाखविले.

झाड आणि राई

२००४ नंतर जनुकविज्ञानाची दिशाच बदलली. २०१४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सुमारे ३७,००० रुग्णांच्या जनुकसंचांवरून स्किझोफ्रेनियाशी निगडित १०८ स्थाने आढळली, त्यांत ‘डी२’ ग्राहीच्या जनुकाचा परिसरही होता. २०२२ मध्ये रुग्णांची संख्या सुमारे ७७,००० झाली आणि स्थाने २८७. प्रत्येक स्थानाचा वाटा अत्यल्प. त्याउलट, नैराश्यासाठी गाजलेल्या मोजक्या ‘संशयित’ जनुकांचा दावा २०१९ च्या मोठ्या अभ्यासात टिकला नाही.

येथे ‘देवराई’ची मध्यवर्ती प्रतिमा नव्याने वाचण्याची संधी मिळते. देवराई हे एक झाड नव्हे. ती शेकडो वेली, झाडे, कीटक, माती, पाणी आणि माणसांनी पाळलेला नियम यांची एकत्र व्यवस्था आहे. त्यातले एक झाड पडले तर राई मरत नाही. पण पाणी, माती आणि नियम एकत्रच बिघडले तर ती वाचत नाही. विज्ञान एका झाडाच्या शोधात असताना चित्रपटाने आजारी मनासाठी राईची प्रतिमा निवडली. दिग्दर्शकांना जनुकांविषयी काही सुचवायचे होते, असा दावा येथे नाही. परंतु प्रतिमा तिच्या निर्मात्यांपेक्षा अधिक काळ जगते आणि नव्या ज्ञानाच्या उजेडात अधिक अर्थ देते. चित्रपटातील संवादांपेक्षा त्याची प्रतिमा विज्ञानाच्या अधिक जवळ निघाली, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

आनुवंशिकतेचा प्रश्न

विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न चित्रपटाच्या केंद्रस्थानी येत नाही. सीना ही शेषची सख्खी बहीण आहे. भावाला पाहताना तिच्या मनात स्वतःविषयी भय येत असेल काय? हे भय कथेच्या गाभ्याशी आले असते, तर सीनेचे पात्र आणखी गहिरे झाले असते. मराठी कुटुंबात हे भय बहुधा लग्न जमविताना बोलले जाते. किंबहुना लपविले जाते. याच दिग्दर्शकद्वयाने ‘नितळ’ (२००६) मध्ये कोडाच्या निमित्ताने लग्न, घराणे आणि ‘पुढच्या पिढीत येईल का’ हा प्रश्न थेट हाताळला. त्वचेवरील डागाबाबत जे बोलता आले, ते मनाच्या आजाराबाबत बोलणे अधिक अवघड असावे.

वस्तुस्थिती अशी की, सर्वसाधारण लोकांत या आजाराची आयुष्यभराची शक्यता शंभरात सुमारे एक आहे. सख्ख्या भावंडाला आजार असल्यास ती शंभरात नऊच्या आसपास जाते. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असला, तरी दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण निम्मे किंवा त्याहून कमी आढळते. जनुके तंतोतंत सारखी असूनही निम्म्या वेळा आजार होत नाही, हे ‘रक्तातच आहे’ या निवाड्याला सर्वांत समर्पक उत्तर आहे. विद्यार्थ्याला सांगायचे ते हेच : धोका इतरांपेक्षा अधिक आहे, तो लपविण्यात अर्थ नाही, आणि तो होण्यापेक्षा न होण्याची शक्यता कितीतरी मोठी आहे, तेव्हा आयुष्य त्याभोवती बांधण्यातही अर्थ नाही.

औद्योगिक पट्ट्यातून पाहताना

शेषला बहिणीचे घर आहे. त्या घरात खोली आहे, चिडणारी पण जागी राहणारी माणसे आहेत. चाकण, भोसरी, तळवडे येथे मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि परराज्यांतून आलेला तरुण कॉट बेसिसवर राहतो. एकाच खोलीत तिन्ही पाळ्यांची माणसे आळीपाळीने झोपतात. झोप मोडणे हे ज्या आजारात धोक्याचे, तेथे पाळी दर आठवड्याला बदलते. सुस्ती आणणारी गोळी घेऊन प्रेस मशिनसमोर उभे राहणे म्हणजे बोटे पणाला लावणे. कंत्राटी कामगाराला रजा म्हणजे खाडा आणि खाड्यांचा शेवट ‘उद्यापासून येऊ नको’ या वाक्यात.

औषधाचा प्रतिसाद हा या परिस्थितीशीही बांधलेला आहे. विडी-सिगारेटचा धूर यकृतातील ‘सीवायपी१ए२’ या विकराला चालना देतो आणि ओलान्झापीन, क्लोझापीन यांची रक्तातील पातळी खाली आणतो. तंबाखू मळून खाल्ल्याने तसे होत नाही, कारण परिणाम निकोटिनचा नसून धुराचा आहे. म्हणजे टपरीवरील सवयीचा परिणामही रक्तातील औषधाच्या पातळीवर होतो. जनुक, सवय, झोप आणि रोजगार यांपैकी एकाच धाग्याला धरून ‘गोळी का लागू पडली नाही’ याचे उत्तर मिळणार नाही.

मग जनुकचाचणीने प्रश्न सुटेल काय? काही प्रयोगशाळा आता अशा चाचण्या विकतात. कार्बमाझेपीन या औषधाबाबत ‘एचएलए-बी*१५०२’ हा जनुकप्रकार असलेल्यांना त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००७ साली आशियाई वंशाच्या रुग्णांबाबत याचा इशारा दिला. अशा ठिकाणी चाचणीचा उपयोग स्पष्ट आहे. परंतु नैराश्यावरील औषधे जनुकचाचणी करून निवडण्याच्या अमेरिकेतील २०२२ सालच्या मोठ्या चाचणीत लाभ अल्प आढळला आणि तोही चोवीस आठवड्यांपर्यंत टिकला नाही. शिवाय वर उल्लेखिलेल्या जागतिक अभ्यासांतील नमुने मुख्यतः युरोपीय व पूर्व आशियाई वंशांचे आहेत. भारतीयांच्या सुमारे १०,००० जनुकसंचांची माहिती ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाद्वारे २०२५ च्या जानेवारीत संशोधकांसाठी खुली झाली. ही सुरुवात आहे. तोवर गरीब कुटुंबाने उसनवारी करून महागडी चाचणी करण्यापेक्षा ‘ही गोळी सोसवत नाही, बदलून द्या’ असे डॉक्टरांना सांगण्याचा हक्क त्याला कळणे अधिक मोलाचे आहे. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना पहिल्या औषधांनी पुरेसा गुण येत नाही. त्यांच्यासाठी क्लोझापीनसारखा पर्याय, नियमित रक्ततपासणीच्या अटीवर, उपलब्ध आहे. हे सांगणारे संवाद मराठी चित्रपटात अजून लिहिले जायचे आहेत.

‘कासव’कडे जाताना

बारा वर्षांनी याच दिग्दर्शकद्वयाने ‘कासव’ (२०१६) केला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. येथे आत्महत्येचा प्रयत्न केलेला, नाव न सांगणारा तरुण आहे आणि स्वतः मानसोपचार घेतलेली जानकी त्याला आसरा देते. येथे गोळी मागे सरते आणि प्रश्न न विचारणारा सहवास पुढे येतो. ‘देवराई’ने आजाराला नाव दिले, ‘कासव’ने नाव न विचारता जवळ केले. दोन्हींच्या मध्ये जी जागा मोकळी राहते ती दीर्घ, कंटाळवाण्या, मात्रा बदलत राहणाऱ्या उपचाराची आहे. तिच्यात नाट्य कमी असल्याने कला तिकडे कमी वळते. रुग्णांचे आयुष्य मात्र बहुतांशी तेथेच जाते.

समारोप

‘देवराई’ची मर्यादा दाखविणे म्हणजे तिचे ऋण नाकारणे नव्हे. सुमित्रा भावे यांचे २०२१ साली निधन झाले. त्यांनी मागे ठेवलेल्या कामामुळेच एका कामगाराच्या धाकट्या भावाला वर्गाबाहेर थांबून आपल्या घरचे दुःख बोलावेसे वाटले. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उपचाराला हक्क म्हणतो. पण घरचे दुःख बोलण्याचे बळ कायद्याच्या कलमापेक्षा शेषसारखे पात्र लवकर देते.

त्या विद्यार्थ्याला प्रस्तुत लेखिकेने त्या दिवशी पुरेसे उत्तर दिले नाही. विषय आपला नाही, असे वाटून ‘डॉक्टरांना विचार’ एवढेच सांगितले. आज सांगावेसे वाटते ते असे : शेषला लागू पडली ती गोळी तुझ्या भावालाही लागू पडेलच असे नाही, यात त्याचा दोष नाही, त्याची गोळी शोधावी लागेल आणि ती सापडेपर्यंत त्याच्याजवळ कोणीतरी असावे लागेल. चित्रपटातील सीना हेच करते. अध्यापकांनी आपल्या वर्गात ‘देवराई’ जरूर दाखवावी. मात्र चित्रपट संपल्यावर लगेच दिवे लावून निघून जाऊ नये. कोणीतरी मागे थांबलेले असते.